अर्ध्या मिलिमीटरची नोकरी

माणसाच्या डोळ्याला समोरून जी पारदर्शक काच असते तिला कॉर्निया म्हणतात. मधोमध ती जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. या अर्ध्या मिलिमीटरच्या आत काय चाललं आहे ते बघायचं आणि त्याची चित्रं काढून डॉक्टरांपुढे ठेवायची, ही माझी चेन्नईतली नोकरी.

"म्हणजे तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टर?" गावी गेले की कुणीतरी विचारतंच.

"नाही."

"मग चष्म्याचा नंबर काढता?"

"तेही नाही."

"मग करता काय?"

"बघते."

यावर विचारणारा माझ्या आईकडे बघतो आणि आई विषय बदलते. लेक काय काम करते हे तिला चौदा वर्षांत कुणाला नीट सांगता आलं नाही. दोष तिचा नाही. मलाही ते सांगता येत नाही, आणि एकदा सांगायला गेले तर काय झालं तेच इथे लिहायचं आहे.

मी मूळची सेलूची. वडील बेकरीत पाव भाजायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं तेही हौसेने नव्हे, त्या वर्गात जागा शिल्लक होत्या म्हणून. बावीस जणांत दोन सूक्ष्मदर्शक, त्यातल्या एकाचा आरसा फुटलेला. कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवून पेशी बघायची पाळी प्रत्येकाला दोन-दोन मिनिटं यायची. "बघितलं? चला, पुढचा!" असं सर म्हणायचे आणि माझा डोळा अजून नळीलाच चिकटलेला असायचा. त्या दोन मिनिटांवर माझं पुढचं आयुष्य उभं राहील असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर वडिलांनी त्याला पाव खायला घालून वाटेला लावलं असतं.

लग्न झालं. नवरा चेन्नईजवळच्या आवडी गावी संरक्षण खात्याच्या कारखान्यात होता, म्हणून दोन हजार सालानंतर चेन्नईला आले. तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. अण्णा नगरातल्या एका डोळ्यांच्या रुग्णालयात फायली लावायचं काम मिळालं. दोनेक वर्षांनी तिथे एक नवं यंत्र आलं. जिवंत माणसाच्या कॉर्नियाच्या आतली पेशी न् पेशी दाखवणारं. कॉर्निया विभागाच्या प्रमुख डॉक्टर, ज्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणत, त्यांनी कर्मचाऱ्यांना बोलावून विचारलं, "सूक्ष्मदर्शकातून कधी कुणी काही बघितलं आहे?"

मी हात वर केला. "दोन मिनिटं," मी म्हटलं.

मॅडम सहसा हसत नसत. त्या दिवशी हसल्या. मग तीन महिने रोज संध्याकाळी ओपीडी संपल्यावर त्यांनी स्वतः मला शिकवलं. मी आज जी काही आहे ती त्या तीन महिन्यांची आहे. हे उपकार मी विसरलेले नाही, आणि पुढे जे केलं ते हे उपकार डोक्यावर असताना केलं, हेही विसरलेले नाही.

यंत्राचं काम दिसायला सोपं. रुग्णाच्या डोळ्यात बधिर करायचे थेंब घालायचे, हनुवटी टेकवायला लावायची, भिंगाच्या टोकावर जेल लावून ते टोक अलगद डोळ्याला टेकवायचं. दुसऱ्या डोळ्याने त्याने समोरच्या दिव्याकडे बघत राहायचं. मग मी हाताने कडं फिरवत एकेक थर खाली उतरायचे. पण माणूस श्वास घेतो, त्याची नाडी चालते, तो गिळतो, आणि या प्रत्येक गोष्टीला पडद्यावरचं चित्र उडी मारतं. एकदा एक धिप्पाड पोलीस इन्स्पेक्टर भिंग टेकताच बेशुद्ध पडले. उलट भरतनाट्यम शिकवणाऱ्या एक बाई अशा बसल्या की चित्र वीस मिनिटं जागचं हललं नाही. तसा रुग्ण पुन्हा मिळाला नाही.

कॉर्नियात पेशींचे मुख्य तीन थर. वरच्या थरातल्या पेशी चपळ. लेसरच्या एका पद्धतीत त्या खरवडून काढतात, तर कडेच्या पेशी सरकत येऊन चार दिवसांत जखम झाकतात. मधल्या थरातल्या पेशी एकमेकींपासून लांब, शांत पडलेल्या असतात. लेसरचा किंवा दुसऱ्या कुठल्या उपचाराचा मार बसला की जवळच्या मरतात आणि दूरच्या जाग्या होऊन तिथे यायला लागतात. येताना त्या बदलतात. फुगतात, चकाकतात, घाईघाईने डागडुजी करतात, आणि घाई जास्त झाली की काचेवर दुधाळ धुकं धरतं. ते धरू नये म्हणून कित्येक आठवडे थेंब घालायचे असतात आणि उन्हात काळा चष्मा लावायचा असतो. चेन्नईच्या उन्हात हे फार महत्त्वाचं. एक सॉफ्टवेअरवाला मुलगा लेसर झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात मित्रांबरोबर मोटारसायकलवरून चेन्नईजवळच्याच कोवलमला गेला, दिवसभर समुद्रावर बसला, आणि काळा चष्मा घरी ठेवून गेला, कारण फोटोत तो चांगला दिसत नव्हता. त्याच्या मधल्या थरात मी बघितलं तर सगळ्या पेशी लग्नघरातल्या बायकांसारख्या जाग्या आणि तारवटलेल्या. तळाचा थर षटकोनी पेशींचा. त्यातली एकदा गेलेली परत येत नाही, शेजारच्या पसरून तिची जागा भरतात.

हे सगळं मी बघायचे. बोलायचे मात्र नाही. पहिल्याच दिवशी मॅडमनी नियम घालून दिला होता, "तू बघायचंस, सांगायचं मी. पडदा रुग्णाकडे वळवायचा नाही."

श्रीनिवास राव पहिल्यांदा आला तो लेसर करून चष्मा घालवायला. वय चोवीस. गिंडीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन, यंत्रांच्या भागांची आरेखनं संगणकावर करायचा. नोकरी अजून कच्ची होती, सहा महिन्यांनी पक्की व्हायची होती. लेसरच्या आधी कॉर्नियाचा नकाशा काढतात, तो काढला तर काच खालच्या बाजूला कैरीच्या टोकासारखी पुढे आलेली आणि तिथेच पातळ झालेली. लेसर काच तासतो. आधीच पातळ असलेली काच तासली तर ती आणखी फुगत जाते. मॅडमनी साफ नाही म्हटलं.

"माझ्या ऑफिसात चौघांनी केलंय," तो म्हणाला. "मलाच का नाही?"

"कारण त्या चौघांचे डोळे तुझे नाहीत," मॅडम म्हणाल्या.

डावा डोळा आधीच इतका गेला होता की चष्म्यानेही वरच्या दोनच ओळी वाचता यायच्या. काम चाललं होतं ते उजव्यावर, आणि आता उजवा त्याच वाटेला लागला होता. त्या काळी यावर एक नवा उपचार आला होता. वरचा थर काढून अर्धा तास पिवळे जीवनसत्त्वाचे थेंब मुरवायचे आणि मग अर्धा तास अतिनील प्रकाश टाकायचा. त्याने काचेतले धागे एकमेकांना घट्ट धरतात आणि फुगणं थांबतं. दिसणं सुधारेल असं वचन नाही, पण आहे ते टिकेल. उजव्या डोळ्याला हे करायचं ठरलं.

उपचाराच्या दिवशी मी फायली घेऊन बाहेर आले तर कानांवर आलं, "डोळा चोळूं नको म्हणून किती वेळां सांगितलें तुला? ऐकतोस कां?"

मी जागीच उभी राहिले. अण्णा नगरात, तमिळ पाट्यांखाली, ही कुठली मराठी? नऊवारी नव्हे, साधी कांजीवरम नेसलेली, केसांत मोगरा माळलेली एक बाई श्रीनिवासचा हात त्याच्या डोळ्यावरून खाली ओढत होती. त्याची आई, रुक्मिणीबाई.

"तुम्ही मराठी?"

"आम्ही तंजावूरचे. किती पिढ्या झाल्या तें देवाला ठाऊक. तूं कुठली ग?"

"सेलूची. परभणीकडची."

"तें कुठें आलें?"

त्यांनी महाराष्ट्र कधी पाहिलेला नव्हता. त्यांच्या भाषेत मध्येच तमिळ यायचं आणि मध्येच असे शब्द, जे मी फक्त जुन्या पोथीत वाचले होते. नर्स सेल्वी म्हणायची, "ही तुझी भाषा नाही. ही ऐकायला बरी वाटते." मला त्या बाईंचा लळा लागला, हे कबूल करते. गावाकडचं कुणी तरी नाही म्हणता म्हणता मिळाल्यासारखं झालं. मी त्यांना मावशी म्हणायला लागले. "तामरमला ये घरीं," त्या म्हणायच्या. त्यांच्या तोंडी तांबरम नेहमी तामरमच असायचं. "चहा नाहीं मिळणार हां, कापीच मिळेल."

उपचार नीट झाला. वरचा थर चौथ्या दिवशी भरून आला. दुधाळ रंगाचे, हलवून घालायचे थेंब पुढे कित्येक आठवडे चालू ठेवायचे होते, तेच ते धुकं धरू न देणारे.

तिसऱ्या आठवड्यात मायलेक तपासणीला आले. मॅडम शस्त्रक्रियेत अडकल्या होत्या, म्हणून मी आधी चित्रं काढून घेतली. मधला थर मी असा कधी बघितला नव्हता. पेशींच्या जागी काळे, रिकामे खड्डे, फेसासारखं जाळं, आणि कुठे एक पेशी नाही. पुस्तकात वाचलं होतं, उपचारानंतर असंच होतं, महिन्या-दोन महिन्यांत कडेने पेशी यायला लागतात, सहा महिन्यांत भरतं. पण पुस्तकातलं बघायला मिळणं वेगळं. मला आनंद झाला. तो आनंद माझ्या तोंडावर दिसला असणार.

"काय ग दिसतें तुला?" मावशींनी विचारलं.

मी पडदा वळवला.

का वळवला, हे मी अनेकदा स्वतःला विचारलं आहे. मावशींना दाखवायचं होतं की सेलूची मुलगी काय काय बघू शकते. आईला जे कधी सांगता आलं नाही ते कुणाला तरी मराठीत सांगायचं होतं. मी बोट ठेवून सांगत सुटले, "हे बघा, मावशी, इथे पेशी असतात. आता सगळ्या मेल्यात. औषध आणि त्या प्रकाशाने मारल्यात. आता हळूहळू बाजूच्या येतील, सहा महिने लागतील, मग परत भरेल सगळं." अगदी वर्गात शिकवल्यासारखं. एक शब्द चुकीचा नव्हता.

मावशी गप्प झाल्या. मला वाटलं, थक्क झाल्या. मग मॅडम आल्या, त्यांनी तपासलं, थेंब चालू ठेवायला सांगितलं, दोन आठवड्यांनी या म्हणाल्या. मी पडदा केव्हाच सरळ केला होता.

दोन आठवड्यांनी ते आले नाहीत. मी भेटींच्या वहीत त्यांच्या नावापुढची रिकामी चौकट बघत राहिले. दुसऱ्या दिवशीही बघितली. सेल्वीने फोन लावला, मोबाइल बंद. "येतील," ती म्हणाली, "ऑफिसचं काम निघालं असेल." पण माझं मन लागेना. दुसऱ्या रुग्णाच्या डोळ्याला भिंग लावलं की मला ते काळे खड्डे दिसायचे आणि मागोमाग मावशींचा गप्प झालेला चेहरा. दोन गोष्टी एकमेकींना चिकटायला मला आठवडा लागला. एकदा चिकटल्या, मग बसवेना, उठवेना. घरी भाताला मीठ दोनदा पडलं. नवरा म्हणाला, "काय झालंय?" मी म्हटलं, "काही नाही." रविवारी सकाळी फायलीतला पत्ता घेऊन तांबरमला गेले.

दार मावशींनीच उघडलं. आत ये म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. समोरच्या खोलीत खिडकीला चादर लावलेली, आणि श्रीनिवास भिंतीला टेकून बसलेला, डोळ्यांवर ओलं फडकं. फडक्याखाली पांढरी फुलं. तगरीची. तिकडे तिला नंद्यावट्टै म्हणतात आणि घरोघर डोळ्यांवर ठेवतात. फुलं रात्रभर पाण्यात भिजवून त्याच पाण्याने डोळे धुतात.

"थेंब?" मी विचारलं.

"फेकले," मावशी म्हणाल्या. "तूंच सांगितलेंस ना, औषधानें मेल्या म्हणून?"

"मी असंही सांगितलं होतं की परत येतात."

"मेलेलें परत येतें कां ग? कुणाच्या घरीं आलें?" त्यांनी माझ्याकडे न बघता फडकं पुन्हा ओलं केलं. "ह्याचे वडील गेले, तेव्हां देखील डाक्टर म्हणाले होते, सहा महिन्यांत उठून फिरतील."



मी फडकं काढलं. पांढरा भाग लाल झालेला होता, आणि खिडकीची चादर जरा सरकवून बघितलं तर बुबुळासमोर काचेवर राखेसारखा पातळ थर. हे यंत्राशिवायही दिसत होतं. "चीनू," मी म्हटलं, घरात त्याला तेच म्हणत, "त्या कॅलेंडरवरची राहुकाळाची वेळ वाच बघू." समोरच्या भिंतीवर रोज एक पान फाडायचं तमिळ कॅलेंडर होतं.

"साडेचार ते सहा," तो लगेच म्हणाला.

मला हायसं वाटलं. तर मावशी म्हणाल्या, "अय्यो, रविवारचा राहुकाळ आमच्या मांजराला देखील पाठ आहे."

"मग खाली कॅलेंडर छापणाऱ्याचं नाव आहे, ते वाच."

तो बराच वेळ बघत राहिला. पुढे वाकला. मग म्हणाला, "खाली काही आहे का?"

महिनाभर तो ऑफिसला गेला नव्हता. साहेबांनी एक तारखेपर्यंत मुदत दिली होती. "अम्मा रडते, अक्का," तो तमिळ मिसळलेल्या मराठीत म्हणाला. "थेंब घातले तरी धूसर, नाही घातले तरी धूसर. मी म्हटलं, निदान ती तरी रडायची थांबू दे."

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "मला ते सांगायचा अधिकार नव्हता. सांगितलं तेही मला मिरवायला सांगितलं, तुम्हाला समजायला नाही. उद्या चल."

"आणि उद्यां ती डाक्टरीण सांगेल, आणखी मेल्या," मावशी म्हणाल्या.

चीनूने फुलं ताटलीत ठेवली. "नाव वाचता आलं नाही, अम्मा," तो म्हणाला. "आरेखनात त्याच्याहून बारीक आकडे असतात. मी जातो."

सोमवारी मॅडमनी तपासलं. धुकं दाट होतं. "थेंब का बंद केले?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

मी दाराशी उभी होते. मावशींनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता सांगतील, आणि खरं सांगते, सांगावं असंच वाटलं. त्या म्हणाल्या, "भीती वाटली." एवढंच. चीनूही काही बोलला नाही. त्या दोघांनी मला वाचवलं. आमचीच बाई आहे, म्हणून वाचवलं.

मॅडमनी नवे, जास्त ताकदीचे थेंब दिले आणि मला म्हणाल्या, "फायलीत लिही, रुग्णाने स्वतःहून औषध बंद केलं." मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत त्याला बक्षीस मिळालं होतं. त्या ओळीइतकं सुबक अक्षर मी नंतर कधी काढलं नाही.

पुढचे पाच आठवडे मी रोज मॅडमसमोर बसत होते. चित्रं दाखवत होते, "बरं," म्हणत होते, आणि रोज ठरवत होते की आज सांगायचं. ओपीडी संपली की त्या दमलेल्या असायच्या, आणि मला ते कारण पुरायचं. तोवर धुकं हळूहळू उतरायला लागलं होतं. मी स्वतःला म्हणायचे, बघ, उतरतंय, आता सांगून काय होणार? चीनू कामावर रुजू झाला होता, पण साहेबांना रुग्णालयाचं पत्र हवं होतं, इतके दिवस का लागले याचं. पत्र फायलीवरून तयार होतं. कार्यालयातून ते त्याच्या हातात आलं आणि तो यंत्राच्या खोलीत आला. कागद डोळ्यांजवळ धरून त्याने ती ओळ वाचली. वाचता येत होती, हा आनंद मला त्या क्षणी झाला आणि त्याच क्षणी लाज वाटली.

"अक्का," तो म्हणाला, "हे असंच ऑफिसात जाणार?"

आवाजात राग नव्हता. तो खरंच विचारत होता.

मी कागद घेतला आणि मॅडमच्या खोलीत गेले. दमलेल्या होत्या की नाही ते बघितलं नाही. पडदा वळवल्यापासून तगरीच्या फुलांपर्यंत सगळं सांगितलं.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

"त्या सोमवारपासून पाच आठवडे."

"पाच आठवडे तू रोज इथे बसतेस." त्यांनी समोरच्या खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे नाही. "बोललीस, ते मी समजू शकते. पण गप्प बसलीस!"

मग त्यांनी फाइल मागवली. माझ्या सुबक ओळीवर एक आडवी रेघ मारली आणि खाली स्वतःच्या, कुणाला न लागणाऱ्या अक्षरात लिहिलं की रुग्णालयाकडून अपुरी माहिती दिली गेल्यामुळे औषधात खंड पडला. खाली सही. पत्र नव्याने टाइप झालं. कारखान्याने त्याची उमेदवारी तीन महिने वाढवली, काढलं नाही. मला यंत्रावरून उतरवून पुन्हा फायलींवर पाठवलं. किती दिवसांसाठी, ते सांगितलं नाही.

ते दिवस वाईट गेले. नाव, क्रमांक, तारीख, नाव, क्रमांक, तारीख. यंत्राच्या खोलीचं दार माझ्या टेबलावरून दिसायचं. तिथे एक नवी मुलगी बसायची, तिचा हात थरथरायचा, आणि ते मला बाहेरून चित्रांच्या प्रती बघून कळायचं. सेल्वी येताजाता म्हणायची, "काय, मराठी टीचर, आज वर्ग नाही?" दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी रडले असते. ती रोज म्हणायची, त्यामुळे सवय झाली.

सहाव्या महिन्याच्या तपासणीला चीनू आणि मावशी आले, तेव्हा मॅडमनी मला हाक मारली. "तू कर."

मी हात धुतले. दोनदा धुतले. थेंब, जेल, हनुवटी. कडं फिरवत वरच्या थरातून खाली उतरले. मधल्या थराशी आले आणि थांबले. पेशी होत्या. पूर्वीइतक्या दाट नाहीत, कुठे कुठे अजून मोकळं, मध्येच एखादी अजून चकाकणारी. पण होत्या. मॅडम माझ्या मागे उभ्या होत्या.

"पडदा वळव," त्या म्हणाल्या. "आणि या वेळी शेवट आधी सांग."

मी पडदा मावशींकडे वळवला. "त्याचा डोळा टिकलाय, मावशी," मी म्हटलं. "फुगणं थांबलंय. हे पांढरे ठिपके दिसतात, त्या पेशी. आल्यात परत. धुकं मात्र पूर्ण गेलेलं नाही. आणखी थोडं जाईल, सगळं जाईल की नाही ते माहीत नाही. मॅडमनाही माहीत नाही."

मावशी पडद्याजवळ आल्या. एका ठिपक्यावर त्यांनी बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर.

"उरलें तें कशानें उरलें?" त्यांनी विचारलं. "थेंब बंद केले म्हणून?"

"असेल. थेंब चालू असते तरीही थोडं उरलं असतं कदाचित. तेही सांगता येत नाही."

"फुलें माझीं होतीं," त्या म्हणाल्या.

"बोलणं माझं होतं."

"तूं तर शिकलेली. मीं कां ऐकलें अर्धेंच?"

"मी का सांगितलं असं, की अर्धंच ऐकू जावं?"

"अक्का," हनुवटी टेकवलेला चीनू ओठ न हलवता म्हणाला, "माझी मान अवघडली. तुम्ही दोघी बाहेर जाऊन वाटून घ्या."

मावशी हसल्या. तोही हसला, त्याचा डोळा हलला आणि चित्र बिघडलं. मी त्याला नीट बसायला लावलं आणि ते पुन्हा घेतलं.